वरचं नाव पुसू नकोस

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास, "काका, गिटहबच्या साइटवर लोकांनी ठेवलेला कोड सगळा फुकटच आहे, लातुरात बसून वापरलं तर कोण तपासायला येतंय?" मी मोंढ्यात होतो, मागं हमालांचा गलका चालू होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

2016 साली मी आडतीचं सॉफ्टवेअर करत होतो. सोयाबीनचं माप झालं की हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची. पट्टीची पीडीएफ काढायला मी आयटेक्स्ट ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड, घेतली. दुपारभरात काम झालं आणि अकरा दुकानांत बसवूनही टाकलं. दोन वर्षांनी एका कंपनीला ते विकत घ्यायचं होतं. त्यांच्या वकिलानं पहिल्याच मेलमध्ये वापरलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची यादी मागितली, प्रत्येकीच्या लायसन्ससकट. माझ्याकडं असा कागदच नव्हता.

त्या रात्री एकेक जार फाइल, म्हणजे लायब्ररीचं गाठोडं, उघडत बसलो. आयटेक्स्ट 2009 पासून, म्हणजे पाचव्या आवृत्तीपासून, एजीपीएल नावाच्या परवान्याखाली आहे. एकतर त्यांचं पैशाचं लायसन्स घ्यायचं, नाहीतर आपला सोर्स, म्हणजे मूळ कोड, त्याच अटींवर ग्राहकाला द्यायचा. मी दोन्ही केलं नव्हतं. त्याजागी अपाचे संस्थेची पीडीएफबॉक्स लायब्ररी घालून पट्टीचा एकेक रकाना पुन्हा जुळवला, तीन आठवडे गेले, तोवर सौदा फिसकटला. पण मनाला जास्त लागलं ते वेगळंच. एका जावास्क्रिप्ट फाइलच्या माथ्यावर एका माणसाचं नाव, साल आणि एमआयटी परवान्याचा मजकूर होता. तो मी कचरा समजून स्वतःच्या हातानं डिलीट केला होता. त्या माणसानं जन्मात माझ्याकडं एवढंच मागितलं होतं.

एमआयटीची अट तेवढीच आहे: विक, बदल, पण कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेव. बारवेचं पाणी कुणीही भरावं, दगडावर कोरलेलं नाव तेवढं खरवडू नये. मिनिफाय करताना, म्हणजे कोड आटवून लहान करताना, साध्या कॉमेंट पुसल्या जातात, म्हणून बिल्डमध्ये, म्हणजे तयार झालेल्या ॲपमध्ये, परवान्यांची वेगळी फाइल निघते की नाही ते बघ. ॲपमध्ये 'ओपन सोर्स परवाने' असं एक पान ठेव. अपाचे 2.0 परवाना असेल तर त्यासोबतची नोटीस फाइल, असलीच तर, तीही बरोबर न्यायची. पट्टीसाठी तू मुक्ता फॉन्ट घेतलायस, तो ओएफएल या फॉन्टसाठीच्या परवान्याखाली आहे. ॲपमध्ये खुशाल घाल, त्याचा परवानाही घाल, नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही.

जीपीएल या परवान्याला पोरं उगाच घाबरतात. आपल्याकडं सावड असते ना, तुझा बैल माझ्या औताला, माझा तुझ्या, तशी ही सावड आहे. पैसे घेऊन विकायलाही मनाई नाही. ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्सही त्याच अटींवर द्यायचा, आणि त्यानं तो पुढं वाटला तर अडवायचं नाही. फक्त आपल्या ऑफिसात वापरलं तर काहीच द्यावं लागत नाही. एजीपीएल मात्र सर्व्हरवरही लागू होतं: त्या कोडमध्ये बदल करून नेटवरून लोकांना सेवा दिलीस, तर त्यांना सोर्स मिळायला हवा. तुझं ॲप सर्व्हरवर चालतं, म्हणून हे दोनदा वाच.

गिटहबवरच्या एखाद्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या फोल्डरात, परवान्याची फाइलच नसेल तर लोक ते मोकळं रान समजतात. उलट आहे. परवाना नाही म्हणजे सगळे हक्क लिहिणाऱ्याचे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीतच मोडतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या तुकड्यालासुद्धा सीसी बाय-एसएची अट असते: नाव दे, आणि बदलून वाटलंस तर त्याच अटींवर वाट.

आणि कोण तपासणार म्हणालास. जेकबसन नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं खेळण्यातल्या रेल्वेचं सॉफ्टवेअर फुकट वाटलं होतं. दुसऱ्यानं त्यातला कोड नाव न देता आपल्या प्रॉडक्टमध्ये घातला. 2008 साली अमेरिकेतल्या अपील कोर्टानं सांगितलं, फुकट दिलं तरी घातलेली अट मोडणं हा कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. पण तू कोर्टाच्या भीतीनं हे करावंस असं मला वाटत नाही. लातूरच्या एका खोलीत बसून तू महिन्याभरात ॲप उभं केलंस, ते ज्यांच्या खांद्यावर, त्यांची नावं तुला माहीत असावीत.

कधी कुणाचा मेल आलाच तर दडवू नकोस. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्या चुकीला सवड आहे, नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत दुरुस्ती केली की हक्क परत मिळतो. दुसऱ्या आवृत्तीत ही सवड नाही.

आज रात्री प्रोजेक्टवर परवाने शोधणारी टूल्स चालव: जावास्क्रिप्टच्या भागाला लायसन्स-चेकर, पायथनच्या भागाला पिप-लायसन्सेस. एका एक्सेलमध्ये नाव, आवृत्ती, परवाना लिहून काढ. जिथं 'अननोन' येईल ती ओळ पिवळी कर. रविवारी घरी ये, काकू धपाटे करणार आहे. पिवळ्या ओळी आपण दोघं बसून बघू.

तुझा,
काका