‘बापावर गेलाय’ म्हणून विषय संपत नाही

“मॅडम, याचा राग रक्तातच आहे. बापावर गेलाय. आम्ही काय करणार?” वयात येणाऱ्या मुलांचे पालक हे मला सतत ऐकवतात. म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.

मुलगा पंधरा वर्षांचा. मनाविरुद्ध झालं की दार आपटायचा, हातातली वस्तू फेकायचा. पहिल्याच भेटीत आईवडील माझ्यासमोर जुंपले. “हा तुमचाच स्वभाव!” “आणि तुझा भाऊ काय शांत आहे?” मुलगा खाली मान घालून ऐकत होता. मी नेहमी मुलाआधी घर बघते, आणि इथे घर समोरच बसलं होतं.

पुढच्या काही भेटी निव्वळ ऐकण्यात गेल्या. मग एकदा मी वडिलांना विचारलं, “ऑफिसात साहेब चुकीचं बोलले तर?”

“गप्प बसतो. बाहेर एक चक्कर मारून येतो.”

“म्हणजे तिथे जमतं?”

ते थांबले. तेवढ्यात मुलगा म्हणाला, “मीपण सरांवर कधी ओरडत नाही. घरीच होतं माझं.”

या एका वाक्यासाठी मी इतके दिवस घाई केली नव्हती, याचं मला आजही समाधान आहे. रक्त तेच, माणसं तीच, पण बाहेर ताबा राहतो आणि घरी सुटतो. त्यानंतर प्रश्न ‘हा कुणावर गेला’ असा उरला नाही, ‘घरात काय होतं’ असा झाला.

आनुवंशिकतेचा वाटा खोटा नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांचा २०१९ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. माणसामाणसांच्या आत्मनियंत्रणात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ६० टक्के आनुवंशिक असल्याचं त्यात आढळलं. पण हा आकडा समूहातल्या फरकाचा आहे. तुमच्या मुलाचा साठ टक्के राग जन्मजात आणि बाकीचा तुमच्या हातात, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय रक्त आणि घर वेगळे राहतच नाहीत. तापट मूल पालकांचा आवाज चढवतं, चढलेल्या आवाजाने ते आणखी भडकतं. त्यात पालक स्वतः तापट असले तर दोन्ही बाजूंनी तेल पडतं. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, त्यामुळे हे चक्र थांबवायची सुरुवात मोठ्यांनीच करायची.

या घरात आम्ही आधी ‘कुणावर गेलाय’ हे बोलणंच बंद केलं. मुलाला ते निकालासारखं वाटत होतं. सुधारायचं कशाला, असं त्याने मला सांगितलंही होतं. नवराबायकोचे मतभेद राहणारच, पण मुलाला मध्ये ओढायचं नाही आणि त्याच्यासमोर भांडलात तर मिटवायचंही त्याच्यासमोर. आवाज चढला की वडील “दहा मिनिटांनी बोलू” म्हणून उठायचे, आणि दहा मिनिटांनी खरंच परत यायचे. परत येणं महत्त्वाचं, नाहीतर मुलाला तो अबोला वाटतो. काही आठवड्यांनी मुलगाही तसाच उठू लागला. बापाची ही सवय त्याने आमच्या डोळ्यांदेखत उचलली.

दार अजून अधूनमधून आपटतं. वस्तू फेकणं थांबलंय. मात्र मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.