दोन खिडक्या, रांग मात्र एकच ठेवा

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत दोन खिडक्या आहेत, दोन रांगा लागतात. शेजारची रांग भराभर सरकते अशी सभासदांची तक्रार असते. टोकन यंत्राने फरक पडेल का?

उत्तर : पडेल, पण टोकन खिडकीनिहाय दिलेत तर नाही. दोन्ही खिडक्यांना क्रम एकच हवा. जी रिकामी होईल तिने पुढचा क्रमांक पुकारायचा. यंत्र नसेल तर दोरी बांधूनही हे जमते.

समजा, तासाला सरासरी २४ माणसे येतात आणि एकेकाला सरासरी ४ मिनिटे लागतात. येण्याच्या आणि कामाच्या वेळा अनियमित धरल्या, तर वेगळ्या रांगांत सरासरी १६ मिनिटे थांबावे लागते, सामाईक रांगेत साधारण ७. कारण एका खिडकीवर कुणाचे मुदत ठेवीचे काम लांबले, तरी मागचे लोक तिथे अडकत नाहीत.

मात्र गर्दी तासाला २७ झाली, की सामाईक रांगेतही थांबणे १७ मिनिटांवर जाते! म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिसरी खिडकी उघडाच. हे गणित एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडले. संगणकाच्या सर्व्हरची क्षमता ठरवतानाही तेच वापरतात.