स्पितीला जा, पण मुदत ठेव मोडून बंपर बसवू नका

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. त्यांनी गेल्या वर्षी २०१८ची इसुझू व्ही-क्रॉस पिकअप सेकंडहँड घेतली, रनिंग १ लाख १२ हजार किलोमीटर. येत्या जानेवारीत पत्नी आणि नववीतल्या मुलीला घेऊन नाशिक ते हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं काझा आणि परत, असा सोळा दिवसांचा प्रवास करायचा आहे. पुढच्या वर्षी मुलीची दहावी, म्हणून यंदाच. गाडी थंडीसाठी तयार करायला गॅरेजने २ लाख ९२ हजारांचं कोटेशन दिलं आहे आणि त्यांनी २० हजार आगाऊही भरले आहेत. ही रक्कम मुदत ठेवीतून काढायची आणि प्रवासाचे ९५ हजार बहुतांशी दिवाळी बोनसमधून भागवायचे, असा बेत आहे. ठेव मोडावी का, एवढंच त्यांनी विचारलं आहे.

उत्तर आधी सांगतो. प्रवास करा. ठेव मोडू नका. आणि हे कोटेशन रद्द करा.

आधी घरचा हिशेब बघू. तुम्हा दोघांचे मिळून हातात १ लाख २२ हजार येतात. घरखर्च ६८ हजार, घराचा हप्ता २४ हजार, गाडीचा हप्ता साडेअकरा हजार, मुलीच्या शिक्षणासाठी एसआयपी ८ हजार. महिन्याला साडेदहा हजार उरतात. एसआयपी अडीअडचणीला थांबवता येते, बाकीचं थांबवता येत नाही. म्हणजे पगार बंद पडला तर महिना काढायला १ लाख साडेतीन हजार लागतात. ४ लाख २० हजारांची ठेव हा तुमचा चार महिन्यांचा श्वास आहे, आणि तुमच्याकडे दुसरी राखीव रक्कम नाही. त्यातून २ लाख ९२ हजार गेले की उरतात १ लाख २८ हजार, जेमतेम पाच आठवड्यांचे. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळं.

आता कोटेशन. पाच ऑल-टेरेन टायर ७२ हजार, सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे गाडीची उंची वाढवणं, ६८ हजार, स्टीलचा बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) ७८ हजार, छतावरचा तंबू ४८ हजार, स्नॉर्केल १४ हजार, लाइट बार १२ हजार. या यादीत बॅटरी नाही, कूलंट नाही, डिझेल फिल्टर नाही, ब्रेक नाहीत. जानेवारीत काझ्याला रात्रीचं तापमान उणे वीसच्याही खाली जातं. तिथे सकाळी गाडी सुरू होते की नाही, हे ज्या वस्तूंवर ठरतं त्यातली एकही कोटेशनमध्ये नाही. स्नॉर्केल पाण्यातून जाण्यासाठी असतं, आणि जानेवारीत तिथले ओढे गोठलेले असतात. उणे वीसमध्ये मुलीला छतावरच्या तंबूत झोपवणार नसाल, तर ते ४८ हजारही वाया.

बंपरबद्दल तर कायदाच आडवा येतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७मध्ये राज्यांना अशा क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल करून वाहन चालवता येत नाही. मला चिंता दंडाची कमी, विम्याच्या क्लेमची जास्त आहे. न कळवता गाडीत बदल केला, की क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या हातात आयता मुद्दा जातो. तुमच्या गाडीवर बँकेचा बोजा आहे. साडेअकरा हजारांचे सव्वीस हप्ते बाकी आहेत, म्हणजे १४ टक्के व्याजाने आजची बाकी अडीच लाखांच्या वर. गाडी पूर्ण निकामी झाली आणि क्लेम अडकला, तर गाडी नसताना हप्ता मात्र चालू राहील.

माझी यादी अशी. टायर हवेतच, कारण तुमचे टायर गाडीबरोबरचेच आहेत आणि इतक्या वर्षांत रबर कडक होतं, नक्षी कितीही दिसत असली तरी. पण पाच नकोत. मूळ मापाचे चार घ्या, जुन्यातला सर्वांत चांगला स्टेपनीला ठेवा. ५४ हजार. नवी बॅटरी ९ हजार. उणे १८च्या आसपास बॅटरीची स्टार्टर फिरवण्याची ताकद निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिन फिरू देत नाही, तेही डिझेल इंजिन. कूलंट पूर्ण काढून नवं, सोबत होस पाइप आणि थर्मोस्टॅट, साडेसात हजार. आपल्याकडे कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओततात. नाशिकच्या हवेत त्याने बिघडत नाही, पण काझ्याला रेडिएटर किंवा इंजिन ब्लॉक फुटू शकतो. कूलंटमधलं गोठणरोधक ग्लायकोल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण सुमारे उणे ३७पर्यंत गोठत नाही. ग्लायकोल एक तृतीयांश असेल तर उणे १७-१८लाच गोठू लागतं. गॅरेजवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, मीटर लावून समोर मोजून घ्या. कंपनीच्या पुस्तिकेत थंडीसाठी दिलेल्या ग्रेडचं इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि दोन डिझेल फिल्टर, एक बसवायला आणि एक सोबत, ११ हजार. ब्रेक पॅड आणि थंड डिझेल इंजिन सुरू करायला तापणारे ग्लो प्लग १४ हजार. बर्फाच्या चेन ६ हजार. टो स्ट्रॅप, शॅकल, फावडं, जंपर केबल, हवा भरायचा पंप साडेआठ हजार. बेरीज १ लाख १० हजार.

यातले साडेपंचाण्णव हजार, म्हणजे टायर, बॅटरी, कूलंट, ऑइल, ब्रेक, हा प्रवासाचा खर्चच नाही. ही गाडी नाशिकातच फिरली असती तरी वर्ष-दीड वर्षात ते करावे लागले असते. सेकंडहँड गाडी घेताना किमतीतून जे वाचतं त्यातलं बरंचसं पुढे असं द्यावं लागतं, आणि ते हप्त्याइतकंच ठरलेलं धरायला हवं. निव्वळ प्रवासासाठी लागणारी तयारी साडेचौदा हजारांची. लिफ्ट, विंच आणि तंबूचे पैसे मात्र गाडी विकताना परत येत नाहीत. कोटेशनमधला माझ्या यादीच्या वरचा १ लाख ८२ हजार खरोखर मोकळा पैसा असता, तर मी तो १४ टक्क्यांच्या कर्जात भरायला सांगितला असता.

दोन गोष्टी जवळजवळ फुकट आहेत आणि पिकअपवाल्यांनी त्या विसरू नयेत. मागचा हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजन नसतं आणि बर्फात गाडी मागून घसरते. मागच्या आसावर वाळूची पोती टाका, शंभर किलोपर्यंत, आणि घट्ट बांधा. गाडी अडकली तर तीच वाळू चाकाखाली पसरता येते. दुसरी गोष्ट डिझेलची. आपल्याकडच्या साध्या डिझेलच्या मानकात हिवाळ्यासाठी प्रवाह-बिंदू, म्हणजे ज्याच्या खाली डिझेल वाहत नाही ते तापमान, ३ अंशांपर्यंत चालतो. उणे ३३पर्यंत पातळ राहणारं डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये आणलं, पण लडाखसाठी. तेव्हा मैदानी भागातलं डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नका. टाकी रिकामी करत वाटेतल्या किन्नौर जिल्ह्यापर्यंत जा, रिकाँग पिओ (पिओ) गावाखाली पोवारीला भरा आणि त्याच वेळी गोठणरोधक द्रव मिसळा. डिझेल घट्ट झाल्यावर तो ओतून उपयोग होत नाही.

विम्याला चार हजार ठेवा, पण आधी पॉलिसी वाचा. खासगी गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत दरड, भूस्खलन, पूर, गोठवणारी थंडी यांनी झालेलं नुकसान येतं. यांत्रिक बिघाड येत नाही. टायर एकटे फुटले तर येत नाहीत. आणि गाडीची वाजवी काळजी घेण्याची अट असते, म्हणून कूलंट आणि बॅटरीची बिलं जपून ठेवा. टोइंगला मूळ पॉलिसीत साधारण १,५०० रुपये मिळतात. काझ्याहून सिमला चारशे किलोमीटरच्या वर आहे. बंद गाडी तिथवर उचलून आणायला किती लागतील याची कल्पना करा. जादा टोइंग आणि रस्त्यावरची मदत ही दोन कव्हर घ्या आणि ती स्पितीत चालतात का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. आरसीवर गाडीचा वर्गही पाहा. ती मालवाहू म्हणून नोंदलेली निघाली तर परमिट आणि विमा दोन्हींचा हिशेब बदलतो, मग निघण्याआधी मला पुन्हा लिहा.

दिल्लीचं तुमच्या पत्रात नाही, पण सांगणं भाग आहे. तुमची गाडी बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकाची, डिझेल. हिवाळ्यात हवा बिघडून ग्रॅपचा, म्हणजे दिल्ली परिसरातल्या टप्प्याटप्प्याच्या प्रदूषण-निर्बंधांचा, तिसरा टप्पा लागला, की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगरात अशा चारचाकींना बंदी होते आणि दंड २० हजारांचा आहे. जानेवारीत हे घडणं नवलाचं नाही. जयपूरहून नारनौलला जा, तिथून राष्ट्रीय महामार्ग १५२-डीने अंबाल्याकडे. रस्ता उत्तम आहे आणि वरची पाचही ठिकाणं टळतात.

प्रवासाचा तुमचा ९५ हजारांचा आकडा मला पटतो. येऊन-जाऊन आणि वरचं फिरणं धरून साडेचार हजार किलोमीटर, लिटरला अकराने सुमारे ३७ हजारांचं डिझेल. उरलेल्यात टोल, मुक्काम, जेवण बसतं. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे मनालीकडून उतरता येणार नाही. गेल्या वाटेनेच परतायचं. टोलसाठी १५ ऑगस्ट २०२५पासून मिळणारा, सुरुवातीला ३ हजारांचा असलेला वार्षिक पास फक्त बिगरव्यावसायिक कार, जीप, व्हॅनला आहे. तुमचा फास्टॅग त्या वर्गात असेल तर जरूर घ्या.

आता पैसे कुठून. तयारी आणि विमा १ लाख १४ हजार, प्रवास ९५ हजार, एकूण २ लाख ९ हजार. बोनसचे ८५ हजार आणि डिसेंबर-जानेवारीची शिल्लक २१ हजार वजा केली तर १ लाख ३ हजार कमी पडतात. यासाठी ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढी उचल, घ्या. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतं, तेही वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांचं. महिन्याची शिल्लक त्यात भरलीत तर दहा-अकरा महिन्यांत खातं कोरं होईल, व्याज चार हजारांच्या आसपास. ऋण काढून सण करू नये हे मीही मानतो. इथे हो म्हणतोय याला कारणं आहेत. कर्जाचा मोठा भाग टायर आणि ब्रेकसाठी आहे, तुमच्या पत्नींची सरकारी रुग्णालयातली नोकरी कायम आहे, आणि उरलेली ठेव तीन महिन्यांचा खर्च झाकते. एसआयपीला मात्र हात लावू नका. गॅरेजमधले २० हजार टायर आणि बॅटरीत वळते करून मागा.

तुमच्या स्वतःच्या नोकरीबद्दल डिसेंबरअखेर थोडीही शंका वाटली, तर गाडी घरी ठेवा. रेल्वेने चंदीगडला जा, तिथून चालकासह स्थानिक फोर-बाय-फोर आठ-नऊ दिवस घ्या. मुक्काम-जेवण धरून तिघांना लाख ते सव्वा लाख लागतील, म्हणजे बोनस आणि शिल्लक मिळून जवळपास भागतं. तुम्ही बर्फावर गाडी चालवल्याचं पत्रात कुठे लिहिलेलं नाही, म्हणून हा पर्याय मला दुय्यम वाटत नाही. सिमल्याच्या पुढे असलेल्या नारकंड्यापासून रस्त्यावरचा पारदर्शक बर्फ दिसतही नाही, आणि तिथले चालक तो रोज हाताळतात.

स्वतःच्या गाडीने गेलात तर ओव्हरड्राफ्टच्या मर्यादेत आणखी ४० हजार न वापरता मोकळे ठेवा. ते रस्ता बंद झाल्यास जादा मुक्कामासाठी आणि टोइंगसाठी. पिओला पोहोचल्यावर पुढचा रस्ता बंद असेल तर दोन दिवस थांबा. तिसऱ्या दिवशीही सुरू झाला नाही तर पिओच्या वरच्या कल्पा गावात राहा, किन्नर कैलास समोर आहे आणि बर्फ दारात. बिनपगारी रजा वाढवत काझ्याची वाट पाहू नका.