आद्य कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंवर लिहिताना

प्रिय विद्यार्थिमित्रास,

सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधील आद्य कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंवर लेखमाला लिहिण्याचा तुझा संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. एकच आग्रह धरतो : ‘पहिला कोण’ या प्रश्नात लेख अडकू देऊ नकोस. हा मान बराच काळ आर्थर व्हार्टन यांना दिला जाई, पुढे त्यांच्याही आधी खेळलेले अँड्र्यू वॉटसन पुढे आले. उद्या आणखी जुने नाव सापडले, तरी या दोघांची थोरवी तसूभरही उणावणार नाही.

त्यांचा खेळ सांग. व्हार्टन यांचा जन्म १८६५ मध्ये आजच्या घानामधील अक्रा येथे झाला. १८८६ मध्ये त्यांनी शंभर यार्डांची राष्ट्रीय शर्यत दहा सेकंदांत जिंकली. एका सामन्यात गोलरक्षक व्हार्टन यांनी उडी मारून आडवा दांडा धरला, चेंडू दोन्ही पायांत पकडला आणि धावून आलेले तीन आक्रमक थेट जाळ्यात जाऊन पडले, अशी आठवण एका प्रेक्षकाने कित्येक वर्षांनी, १९४२ मध्ये, वर्तमानपत्राला कळवली होती. असा खेळाडू उत्तरायुष्यात कोळशाच्या खाणीत राबला, १९३० मध्ये वारला आणि त्याच्या थडग्यावर नावाची शिळा बसायला १९९७ उजाडावे लागले.

वॉटसन यांच्याविषयी मात्र सावधपणे लिही. दक्षिण अमेरिकेतील ब्रिटिश गयानात जन्मलेल्या या बचावपटूने १८८१ मध्ये ओव्हल मैदानावर, आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, स्कॉटलंडचे नेतृत्व केले आणि इंग्लंडला ६-१ असे हरवले. त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने तीनच झाले, कारण ते लंडनला राहायला गेले आणि स्कॉटलंड त्या काळी देशाबाहेरचे खेळाडू निवडत नसे. प्रत्येक खंडित कारकिर्दीला वर्णद्वेषाचे कारण चिकटवलेस, तर जिथे तो खरोखर घडला तिथे वाचक तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

वर्णद्वेष खरोखर घडला तो जॅक लेस्ली यांच्या बाबतीत. प्लिमथ अर्गाइल या इंग्लिश क्लबसाठी सुमारे ४०० सामन्यांत १३७ गोल करणाऱ्या या खेळाडूची १९२५ मध्ये इंग्लंडच्या संघात निवड झाल्याचे त्यांना सांगण्यात आले, आणि नंतर त्यांचे नाव गुपचूप वगळले गेले. कृष्णवर्णीय खेळाडू इंग्लंडच्या वरिष्ठ पुरुष संघातून खेळला तो १९७८ मध्ये, व्हिव्ह अँडरसन यांच्या रूपाने. लेस्ली १९८८ मध्ये गेले. राष्ट्रीय संघातून खेळणाऱ्याला देतात ती टोपी, सन्मान म्हणून, त्यांच्या कुटुंबाला २०२३ मध्ये मिळाली. ही सगळी वर्षे विशेषणांविना, एकाखाली एक लिही. हा लेख आधी पूर्ण कर आणि मला वाचायला पाठव.

तुझा शुभचिंतक