१९९० सालचा ‘ट्रेझर आयलंड’ हा टीव्हीपट मूळ कादंबरीच्या तोडीचा आहे का? दहा वर्षांच्या मुलीला पुस्तकाआधी दाखवावा का?

दाखवा, पण पुस्तकाआधी नको. कारण सांगतो.

घटनांपुरतं बोलायचं तर हा टीव्हीपट स्टीव्हन्सनच्या कादंबरीशी चांगलंच इमान राखून आहे. बेनबो खानावळ, तिथे मुक्कामाला आलेल्या बिली बोन्स या खलाशाची पेटी, काळा ठिपका (चाच्यांचा निर्वाणीचा इशारा), सफरचंदांचं पिंप, बेटावर अडकलेला बेन गन, सगळं जिथल्या तिथे. लेखन-दिग्दर्शन फ्रेझर हेस्टनचं, सिल्व्हरच्या, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी बनून आलेल्या एका पायाच्या चाच्याच्या भूमिकेत त्याचा बाप चार्ल्टन हेस्टन. (‘टेन कमांडमेंट्स’मधला तान्हा मोझेस म्हणजे हाच फ्रेझर आणि मोठा मोझेस म्हणजे बाप, त्यामुळे घरचंच कार्य.) चित्रपट टीएनटी वाहिनीसाठी केलेला. तीच टीएनटी, जी आपल्याकडे कार्टून नेटवर्क संपलं की रात्री त्याच चॅनेलवर लागायची.

नटसंच टीव्हीच्या मानानं भारी आहे. बिली बोन्स ऑलिव्हर रीड, आंधळा प्यू ख्रिस्तोफर ली, आणि कथा सांगणारा पोरगा जिम हॉकिन्स म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचा ख्रिश्चन बेल. गोठलेल्या रस्त्यावर काठी टकटक करत येणारा प्यू पुस्तकात वाचतानाच अंगावर काटा आणतो, तिथे लीसारखा माणूस उभा केल्यावर काय विचारता! तुमची मुलगी दहाची आहे म्हणता, तर हा भाग झोपायच्या वेळी लावू नका. संगीत ‘द चीफटन्स’ या आयरिश वाद्यवृंदाचं, म्हणजे इंग्रज चाच्यांना आयरिश बासऱ्या. पण बेमालूम बसलंय.

आता मुख्य मुद्दा सिल्व्हरचा. या कादंबरीवरचा कुठलाही चित्रपट जोखायचा तर मी सरळ पिंपाच्या प्रसंगावर जातो. पुस्तकात ते अकरावं प्रकरण. जिम सफरचंद घ्यायला पिंपात उतरलाय आणि बाहेर सिल्व्हर एका तरुण खलाशाला फितवतोय. गंमत अशी की, जिम पहिल्यांदा भडकतो तो बंडाचा बेत ऐकून नाही. ‘तू पोरगा असलास तरी भारी हुशार आहेस’ अशा ज्या गोड शब्दांनी सिल्व्हरनं त्याला जिंकलेलं असतं, तेच शब्द तो दुसऱ्याला ऐकवतो, तिथे पोराचं डोकं फिरतं. जमलं असतं तर पिंपातूनच याला ठार केलं असतं, असं तो म्हणतो. हा राग द्रोहाचा कमी आणि दुखावलेल्या पोराचा जास्त. बाप नुकताच गेलाय, आणि या लंगड्या स्वयंपाक्यावर त्यानं जीव लावलाय.

हे जमायचं तर आधी प्रेक्षकानंही सिल्व्हरवर लुब्ध व्हायला हवं. पुस्तकातला सिल्व्हर तसा आहेच. ब्रिस्टलमध्ये त्याची टापटीप खानावळ आहे, बँकेत खातं आहे. बाकीचे चाचे लूट दारूत उडवतात, यानं मात्र इंग्लंड नावाच्या चाच्या कप्तानाबरोबरच्या सफरीतून नऊशे आणि फ्लिंट या दुसऱ्या कप्तानाबरोबरच्या सफरीतून दोन हजार पौंड बाजूला टाकलेत. एका पायाच्या खलाशापासून सावध राहा, असं बिली बोन्सनं बजावलेलं असूनही जिम त्याला पाहतो आणि म्हणतो, छे, इतका स्वच्छ, हसतमुख माणूस चाचा कसा असेल?

हेस्टनकडे बघून असं म्हणवत नाही. त्याचा सिल्व्हर पहिल्या नजरेतच धोकादायक वाटतो. आवाज, जबडा, थंड डोळे, सगळं अस्सल आहे. १९५० च्या डिस्नेपटात रॉबर्ट न्यूटननं डोळे गरगरा फिरवत ‘आर्र’ करून जो चाचा रूढ केला, त्याची एक लकबही यानं उचललेली नाही, त्याबद्दल सलाम. पण भीती आहे आणि मोहिनी नाही, त्यामुळे पिंपातल्या जिमला धक्का बसतो, आपल्याला बसत नाही. शिवाय सिल्व्हर स्वतःला पन्नाशीचा म्हणवतो आणि हेस्टन तेव्हा पासष्टी ओलांडलेला. न्यूटन उलट इतका लाडका झाला की तिथे जिम शेवटी त्याला पळून जायला हात देतो. पुस्तकात तसं काही नाही. सिल्व्हर बेन गनच्या मदतीनं नाण्यांची एक थैली घेऊन सटकतो आणि सगळ्यांना वाटतं, स्वस्तात सुटलो.

जहाजाचं थोडं सांगायलाच हवं, कारण टीव्हीपटाचा निम्मा रुबाब त्याचा आहे. १९६२ च्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’साठी बांधलेली ‘बाउंटी’ची प्रतिकृती इथे ‘हिस्पॅनिओला’ झालीय. (हीच नौका २०१२ मध्ये सँडी वादळात बुडाली.) दिसायला देखणी, पण तीन डोलकाठ्यांची, आडव्या चौकोनी शिडांची. पुस्तकात मात्र स्कूनर आहे, म्हणजे लांबीच्या दिशेनं शिडं असलेलं, थोड्या माणसांत हाकता येणारं जहाज. खरं तर इथे ब्रिगच (दोन डोलकाठ्यांची, आडव्या चौकोनी शिडांची) हवी होती, पण ती आपल्याला हाकता येणार नाही, स्कूनर कशीबशी जमेल, हे स्टीव्हन्सननं स्वतःच लिहून ठेवलंय. त्याची ही पळवाट कथेच्या पथ्यावर पडली. जिम आणि हँड्स हा जखमी खलाशी मिळून स्कूनर खाडीत नेतात, हे पटतं. ‘बाउंटी’सारखं धूड दोघांनी हाकायचं म्हणजे कोकणातला कुठलाही तांडेल हसेल. जिम आणि हँड्सच्या झटापटीत हे मनात येऊ दिलं नाही, तर प्रसंग रंगतो.

तेव्हा असं करा. रोज रात्री एकेक प्रकरण मुलीला वाचून दाखवा. सिल्व्हर तिला आवडू द्या. अकरावं प्रकरण झालं, ती रागावली, की मग टीव्हीपट लावायला हरकत नाही.