पॅच येतील, वाचणारे जमव

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन महिन्यांत चाळीस जणांनी तुझ्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या खुल्या (ओपन सोर्स) प्रोजेक्टला हातभार लावला, याचा आनंद तुझ्या प्रत्येक ओळीत दिसतो आणि मलाही तो झाला. आता आणखी लोक कसे ओढून आणायचे, असं तू विचारलं आहेस. त्याआधी मला एक सांग. त्या चाळीस जणांचे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, मुख्य कोडमध्ये मर्ज होण्यापूर्वी (मिसळण्यापूर्वी) ओळन्‌ओळ वाचले कुणी? उत्तर ‘मीच, रात्री जागून’ असं असेल, तर तुला तूर्तास लिहिणारे नकोत, वाचणारे हवेत.

सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडचा तुटवडा फारसा कधी नसतो. तुटवडा असतो तो जाणत्या माणसाच्या लक्षाचा. हार्टब्लीड नावाच्या गाजलेल्या सुरक्षा-दोषाचं उदाहरण घे. ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री ओपनएसएसएल या, इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत एक नवी सोय आली. एका बाजूने थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायची, दुसऱ्या बाजूने तोच मजकूर परत करायचा, इतकंच तिचं काम. पण सांगितलेली लांबी खरी आहे का, हे पाहणारी तपासणी राहून गेली. एखादं अक्षर पाठवून ‘लांबी ६४ किलोबाइट’ असं खोटं सांगितलं, की सर्व्हर आपल्या मेमरीत शेजारी जे काही असेल ते उचलून हातात देई. त्यात पासवर्ड असत, कधी खासगी की, म्हणजे गुप्त किल्लीसुद्धा. लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, दुसऱ्याने तपासलंही होतं, आणि दोघांच्याही नजरेतून ते सुटलं. मार्च २०१२ मध्ये तो कोड रिलीजमधून जगभर गेला, दुरुस्ती आली ७ एप्रिल २०१४ ला. दोन वर्षं तो सगळ्यांसमोर उघडा होता. ठाण मांडून वाचायला फारसं कुणी बसलं नाही.

म्हणून आधी कोडची विभागणी कर. किल्ल्या (की) तयार करणं, डिजिटल सह्या पडताळणं, बाहेरून आलेला डेटा पार्स करणं (उलगडून वाचणं), मेमरीची लांबी-रुंदी मोजणं हा झाला गाभा. इथला कुठलाही बदल, अगदी तुझा स्वतःचाही, दोन जणांनी वाचल्याशिवाय आत जाता कामा नये. बाकीच्या भागात एकाची नजर पुरे. हे नियम रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या साठ्यातच, लिहून ठेव आणि मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य प्रतीवर) थेट बदल चढवणं बंद कर, म्हणजे दर वेळी कुणाशी वाद घालायला नको. पॅच लहान मागव. तीस ओळींचा पॅच माणूस मन लावून वाचतो. दोन हजार ओळींचा आला की वरवर चाळतो आणि ‘छान वाटतंय’ म्हणून मोकळा होतो. आणि बग दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक पॅचसोबत, दुरुस्तीआधी नापास आणि नंतर पास होणारी टेस्ट मागायला संकोचू नकोस.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. कोडमध्ये जी ओळ विचित्र दिसते, तिच्याशेजारी ती तशी का आहे हे लिहून ठेव. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत ओपनएसएसएलच्या पॅकेजमधून अशीच एक ओळ काढली गेली, कारण मेमरी तपासणारं साधन तिच्यावर इशारा देत होतं. त्या ओळीतून यादृच्छिकता, म्हणजे अंदाज न करता येणारा डेटा, मिसळली जात होती. ती गेल्यावर की बनवताना बदलती अशी फक्त प्रोसेसची ओळखसंख्या उरली, म्हणजे जेमतेम ३२ हजार शक्यता. हे उघडकीस आलं मे २००८ मध्ये, तोवर अशा असंख्य की वापरात होत्या. काढणाऱ्याने आधी विचारणाही केली होती. ओळीशेजारी दोन वाक्यांची टिप्पणी असती, तर त्याचा हात थांबला असता असं मला आजही वाटतं.

आता माझी एक चूक सांगतो. मी सांभाळत असलेल्या एका छोट्या लायब्ररीत नवख्या मुलाने पॅच पाठवला. संदेशाचा टॅग (तो वाटेत बदललेला नाही हे दाखवणारा शिक्का) पडताळताना आम्ही बाइट एकेक करून ताडत होतो आणि पहिला फरक दिसताच थांबत होतो. किती वेळ लागला यावरून हल्लेखोराला किती बाइट जुळले ते कळू शकतं, असं त्याने नीट समजावलं होतं. पाच ओळींचा बदल. मी तो सहा आठवडे उघडला नाही. उघडला तेव्हा त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी आभाराचं पत्र लिहिलं, पण तो पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून माझा नेम आहे: रिव्ह्यूला वेळ लागणार असेल तर लागू दे, पण पहिलं उत्तर तीन दिवसांत गेलंच पाहिजे. ‘पाहिलं, पुढच्या आठवड्यात बसतो’ एवढंही माणसाला धरून ठेवतं.

खरं तर असा दोष उघड्यावर यायलाच नको होता. कळवायची खासगी वाट आम्ही ठेवलीच नव्हती. तू ती आजच ठेव: रिपोर्ट कुठे पाठवायचा, किती दिवसांत पोच मिळेल, दुरुस्ती कधी जाहीर होईल. मुदत म्हणून ९० दिवसांचा पायंडा बऱ्याच ठिकाणी आहे, तो धर. शोधणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीने रिलीजच्या नोंदीत घाल.

कोडमध्ये थेट बदल करण्याचे हक्क देताना मात्र घाई नको. एक्सझेड या, फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण तुला ठाऊक असेलच. एक जण दोन वर्षांहून अधिक काळ चांगले पॅच देत राहिला. दुसरीकडे काही खाती थकलेल्या एकट्या मेंटेनरच्या (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या) मागे लागली, की काम संथ आहे, कुणाला तरी जबाबदारी दे. त्याने ती दिली. २०२४ मध्ये रिलीजच्या टारबॉलमधून (कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलीतून) मागचं दार, म्हणजे हल्लेखोराने ठेवलेली चोरवाट, निघालं, त्याचा मुख्य भाग टेस्टच्या बायनरी फाइलींत दडवलेला. एसएसएचने दूरच्या संगणकात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेपायी एका इंजिनिअरने माग काढला म्हणून ते मार्च अखेरीस सापडलं. यावरून नव्या माणसांवर संशय घेत बसू नकोस, ते प्रोजेक्टला मारून टाकेल. पण रिलीज एकाच्या हाती ठेवू नको. टारबॉल रिपॉझिटरीतल्या कोडवरून दुसऱ्या कुणालाही तसाच्या तसा बनवता आला पाहिजे. आणि कुणी घाई लावली, की त्या दिवशी हक्क द्यायचे नाहीत.

तो मेंटेनर थकलेला होता, हे माझ्या मनातून जात नाही. तू रात्री जागू नकोस. चाळिसांपैकी ज्यांचे प्रश्न चांगले असतात अशा तिघांना शोध आणि त्यांना कोड लिहायला नव्हे, दुसऱ्यांचे पॅच वाचायला बोलाव. सुरुवातीला एकच पॅच दोघांनी सोबत वाचा, मोठ्याने. कुणी फझिंग (प्रोग्रामला वेडावाकडा डेटा देऊन तपासणं) सांभाळेल, कुणी आलेले इश्यू, म्हणजे तक्रारी, लावून देईल. ही कामंही श्रेयाच्या यादीत कोडइतकीच मानाने येऊ देत.

गाभ्यातल्या फाइलींची यादी झाली की पाठव. पार्सर मी वाचायला घेतो.

तुझा,
एक जुना मेंटेनर