ब्रेकचं एस्टिमेट मोठं आलंय, काम घरीच करू का?

प्रश्न: काही आठवड्यांपासून ब्रेक दाबला की चिरका आवाज येतो, हल्ली पेडलही थरथरतं. गाडी एका बाजूला ओढत नाही, गळती दिसत नाही. ब्रेक ऑइलची पातळी थोडी उतरली आहे. गॅरेजने पुढचे पॅड, डिस्क, दोन्ही कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारे भाग) आणि ऑइल बदलायला सांगितलं. एस्टिमेट १०० धरलं तर कॅलिपर ४०, डिस्क २०, पॅड १०, ऑइल ५ आणि मजुरी २५. आपत्कालीन निधीला हात न लावता, ३५ ची हत्यारं घेऊन सगळं घरीच करावं का?

उत्तर: नको. तुमचं लक्ष मजुरीच्या २५ वर आहे, माझं कॅलिपरच्या ४० वर.

आधी हत्यारांचं बघू. २५ वाचवायला ३५ घालवलेत, म्हणजे पहिल्या खेपेला १० चा तोटा. पुढच्या खेपेला बहुधा फक्त पॅड बदलायचे असतील आणि त्यांची मजुरी २५ हून बरीच कमी असेल, त्यामुळे हत्यारांचे पैसे फिटायला वर्षं लागतील. शिवाय त्या ३५ मध्ये जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे टेकू) आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) धरलेत का, ते बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीचं चाक काढून काम करणं धोक्याचं आहे, तो खर्च टाळता येणार नाही.

घरी कराल तर तपासणी करा. खरे पैसे तिथेच वाचतील. अडकलेला कॅलिपर सहसा खुणा दाखवतो: गाडी एका बाजूला ओढते, थोडं चालवल्यावर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं (हात जवळ नेऊन अंदाज घ्या, डिस्कला लावू नका), एका बाजूचे पॅड लवकर झिजतात किंवा पिस्टनच्या रबराभोवती ओल दिसते. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. कित्येकदा कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकलेल्या असतात. त्या साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं की भागतं. दोन्ही कॅलिपर एकदम गेले असं कुणी म्हणालं, तर मी कारण विचारीन.

पॅडचा खर्च मात्र रास्त वाटतो. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमी जाड असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदलायचा. अनेक पॅडना एक पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून चिरकते, म्हणजे तो इशारा आहे. आवाज घरघरीचा झाला की समजा, धातूवर धातू घासतोय. मग १० च्या कामात डिस्कचे २० हमखास मिळवावे लागतात. म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

पेडल थरथरतं त्यावरून डिस्कची जाडी असमान झाली असावी. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजून घ्यायला सांगा. पुरेशी जाडी उरली असेल तर कधी कधी डिस्क तासूनही चालते.

ऑइलची पातळी पॅड झिजल्यानेही उतरते, कारण पिस्टन बाहेर येतात. आता वरून भरू नका. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की ते उतू जाईल आणि गाडीचा रंग खराब करील. ऑइलच्या ५ मध्ये काटकसर नको. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकाराच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस हवा असतो, ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ आहे.

आजच एक करा. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू असताना पेडल अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या. पेडल स्पंजी लागलं तर लाइनमध्ये हवा असू शकते. तेही काम गॅरेजचं, कारण एबीएसच्या (ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) काही गाड्यांत हवा काढायला स्कॅनर लागतो.

पैसे आपत्कालीन निधीतूनच काढा. ब्रेकसाठी निधी वापरायचा नाही, तर कशासाठी ठेवलाय? क्रेडिट कार्डवर हप्ते करून व्याज भरू नका. नंतर दरमहा थोडं बाजूला टाकून निधी पूर्ववत करा आणि त्यातच गाडीच्या झिजेसाठी वेगळा कप्पा ठेवा, कारण पॅड पुन्हा झिजणारच आहेत.

गॅरेजकडून सुधारित एस्टिमेट घ्या: पॅड आणि डिस्कची जाडी मिलिमीटरमध्ये, कॅलिपर बदलायचं लेखी कारण आणि काढलेले जुने भाग परत. कॅलिपर वगळले की आकडा ६० वर येतो, त्यांची मजुरी गेल्यावर आणखी खाली. डिस्क तासून भागली, तर २० मधलेही बरेचसे वाचतील.